कापणीनंतरची हॉकी

शाळेमागचा मळा चार दिवसांपूर्वी कापून झाला. दोन दिवस भाताच्या पेंढ्यांच्या उडव्या उभ्या होत्या, मग मालकाने त्याही हलवल्या. आज सकाळी व्हरांड्यात सातवीला कवायत देताना मी मान वळवून पाहिलं तर समोर नुसती धसकटं. तिरकं ऊन, आणि पेंढ्याचा तो कोरडा, नाकात चरचरणारा वास. माझे आकडे तिथेच अडले. पोरं हुशार. त्यांनी पुढचे आकडे आपले आपण म्हणून टाकले आणि हात खाली घेऊन उभी राहिली.

पावसाचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. पाऊस गेल्यावर आमच्या किनाऱ्यावर नवरात्रापासून नाताळापर्यंत जो हंगाम असतो, त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, अंगाला बरा लागतो. अकराच्या पुढे तोच दिवस असा तापतो की अंगणात अनवाणी पाय ठेववत नाही. घरोघरी भात झोडल्याचे आवाज, खाडीकडून वाळत घातलेल्या मासळीचा वास, आणि बघता बघता आटपून जाणारी संध्याकाळ. बाकीच्यांचा हा कापणीचा आणि बांगड्याचा हंगाम. माझा हॉकीचा होता. आता तो माझा कुठलाच नाही, तरी दर वर्षी येतो आणि मला दोन-तीन आठवडे कामातून घालवतो. बायको म्हणते, भात कापलां काय तुमचां टकलां फिरता. तिचं म्हणणं खोटं नाही.

मी मूळचा वैभववाडीकडचा, घाटाच्या पायथ्याचा. भातशेतीचं घर, थोडे काजू. समुद्र तसा फार लांब नव्हता, पण आमच्या घरी तो बाजाराच्या दिवशी पिशवीतून यायचा तेवढाच. घाटावरच्या कॉलेजात शिकताना हॉकी खेळलो, तीही मधल्या फळीत, म्हणजे ज्या जागेवरच्या माणसाचं नाव वर्तमानपत्रात कधी येत नाही अशा जागी. अठ्ठ्याण्णव साली मालवणच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी असलेल्या ह्या शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून लागलो तेव्हा माझ्या सामानात चार हॉकी स्टिका होत्या. गावाला कबड्डी ठाऊक, क्रिकेट ठाऊक. हॉकी म्हणजे काय हे दाखवायला मी एक दिवस जेटीवर काठी घेऊन गेलो. एका म्हाताऱ्याने ती हातात घेतली, उलटसुलट निरखली आणि विचारलं की मास्तरांनू, ह्येना कुर्ले मारतलास काय. खेकडे मारायची काठी! सगळे हसले. मीही हसलो. आतून मात्र लागलं. ते लागणं पुढे बरीच वर्षं माझ्याबरोबर राहिलं आणि त्याने काय केलं ते पुढे येईलच.

मुलगे क्रिकेट सोडून यायला तयार होईनात, म्हणून मुलींचा संघ झाला. त्यात माझं काही पुरोगामीपण नव्हतं. मैदानही नव्हतं. भात निघालं की हाच मळा मालक आम्हाला देत, आणि आम्ही खळं करतात तसं त्याचं मैदान करायचो. धसकटं उपटायची, ढेकळं फोडायची, पाणी मारून लाकडी चोपण्यांनी जमीन चोपायची. अख्खा मळा चोपणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. पण हॉकीत गोल मारायचा तो गोलासमोरच्या अर्धगोलातूनच मारावा लागतो, त्याला डी म्हणतात. निदान त्या दोन डी तरी सपाट हव्यात म्हणून मुली दर शनिवारी त्या शेणाने सारवायच्या आणि कडेने रांगोळी ओढायच्या. एकदा बाहेरच्या शाळेचा संघ घेऊन आलेल्या बाई डीच्या कडेला थबकल्या आणि चपला काढून आत गेल्या. आमच्या मुलींना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. सारवलेल्या जागेत चपला काढतातच.

वैजू आठवीत आली ती दोन हजार दोनच्या हंगामात. पूर्ण नाव वैजयंती. तिचे वडील, गावाचे दाजी, रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, म्होरके. आई मालवणच्या बाजारात मासे विकायची. वाळूत धावून वाढलेली पोर. तिला मळ्यातली कडक जमीन म्हणजे काहीच वाटायचं नाही. काठी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा ती कशी धरायची हे मी दाखवू लागलो, तर ती म्हणाली की माका ठावक आसा, आणि खरंच ठाऊक असल्यासारखी धरली. पहिल्या काही सामन्यांत तिने मारलेले गोल मी वहीत लिहिले आणि मग लिहायचं सोडून दिलं. बॉल तिच्या उजव्या हाताला पडला की समोरच्या मुली नुसत्या बघत राहायच्या. जेटीवरची जी माणसं मला कुर्ल्यांवरून चिडवायची ती बांधावर बसून विड्या ओढत वैजूचा खेळ बघू लागली. म्हातारासुद्धा.

पण ती अर्धी खेळाडू होती. बॉल आमच्या गोलाकडे गेला की वैजू पलीकडे, दुसऱ्यांच्या डीजवळ, कमरेवर हात ठेवून उभी राहायची, एसटीची वाट बघत असल्यासारखी. बॉल डावीकडे आला तर काठी उलटी करून घ्यायची असते, ती ते करायची नाही. पूर्ण अंग फिरवायची आणि तेवढ्यात बॉल जायचा. गेलेल्या बॉलच्या मागे धावणं तिला कमीपणाचं वाटे. आणि पास द्यायचा असतो हे तिच्या गावी नव्हतं. त्या साली जिल्ह्याच्या सामन्यात तिने दोन गोल मारले आणि आम्ही तीन-दोनने हरलो. तिसरा गोल झाला तो वैजूकडूनच बॉल हिसकावून झाला. हिसकावणारी मुलगी तिच्यापासून तीन पावलांवर होती. वैजूने मनात आणलं असतं तर दहा पावलांत तिला गाठली असती. ती जागची हलली नाही. आमची बॅक संगीता, आतल्या गावातल्या शेतकऱ्याघरची शांत मुलगी, परतताना टेम्पोत कुणाकडेही न बघता म्हणाली, "सर, आमी धा जणी आसंव आणि ती येक." वैजूने ऐकलं. तिने तोंड बाहेर केलं आणि गाव येईपर्यंत ती माडांकडे बघत राहिली.

पुढच्या हंगामात, दोन हजार तीनच्या, मी तिच्या मागे लागलो. मागे लागलो हाच शब्द बरोबर. शाळेच्या भिंतीवर डाव्या बाजूने, उलट्या काठीने, हात दुखेपर्यंत बॉल मारायला लावला. भिंतीचा गिलावा निघाला म्हणून मुख्याध्यापकांची बोलणी मी खाल्ली. मग तिला आठवडाभर गोलात उभी केली. आमचे गोलरक्षकाचे पॅड म्हणजे शिडाच्या जाड कापडात काथ्या भरून शिवलेल्या उशा. त्या बांधून ती दुपारच्या उन्हात उभी राहायची आणि आमची नवशिकी पोरंही तिला गोल मारायची. चौथ्या दिवशी तिने विचारलं, माका शिक्षा कित्याक. शिक्षा नाही, असं मी म्हणालो. तिला ते पटलं नाही, आणि बरोबरच होतं, कारण त्यात अर्धी शिक्षा होतीच. मग मी नियम केला की तीन पास दिल्याशिवाय गोल मारायचा नाही. तर ती हातभर अंतरावरच्या मुलीला बॉल द्यायची, परत घ्यायची, असे तीन वेळा शिक्के मारल्यासारखे पास करून मोकळी व्हायची आणि सुटायची. तोंड फुगलेलंच. पुस्तकातलं माझं सगळं संपलं होतं.

मग एका रविवारी सकाळी मी किनाऱ्यावर गेलो, मासे मिळतील म्हणून. रापण ओढायचं काम चाललं होतं. होडीतून जाळं समुद्रात मोठं अर्धगोल सोडतात, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि माणसांच्या दोन रांगा ते ओढत ओढत मागे सरतात. मी हे पूर्वी पाहिलं होतं, पण घाटाच्या पायथ्याच्या माणसासारखं, जाळ्यात काय येतंय तेवढंच. त्या दिवशी रांगेत वैजू दिसली म्हणून माणसांकडे बघू लागलो. ओढता ओढता रांगेतला शेवटचा माणूस मागे माडांपर्यंत पोचला की तो दोर सोडतो, चालत खाली पाण्यापर्यंत जातो आणि सगळ्यात पुढे पुन्हा दोर धरतो. मग जो शेवटचा झाला तो सोडतो. कुणी कुणाला सांगत नाही. वैजूही तसंच करत होती. माडापर्यंत आली, दोर सोडला, आणि बाकीचे चालत जात होते तिथे ती धावत पाण्यात गेली. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिने पुन्हा दोर धरला. मैदानात जिला पाच पावलं मागे यायचा कंटाळा, ती पोर सकाळपासून हे किती वेळा करत होती कोण जाणे.

मला राहवलं नाही. मी पँट वर करून रांगेत शिरलो आणि दहा-पंधरा मिनिटं ओढलं. जाळं बाहेर आलं, बांगडा बरा होता. मासळीचे वाटे पडले, तर दाजींनी एक लहानसा वाटा माझ्या पुढ्यात सरकवला. मी संकोचून नको म्हणू लागलो. दाजी मोजकं बोलणारे. ते म्हणाले, "हात लागलो मां? मगे वाटो घेवक व्हयो." त्यांच्या रापणीत तसंच असतं. दोराला ज्याचा हात लागला, मग तो पोर असो, पाहुणा असो, चुकून आलेला मास्तर असो, त्याला वाटा दिल्याशिवाय मासळी हलवत नाहीत. मी चार बांगडे घेऊन घरी आलो आणि जेवताना बायकोला म्हणालो की मला शिकवायचं कसं ते सापडलं. ती म्हणाली, आधी काटे बघा.

सोमवारी सरावाला मी वैजूला बाजूला घेतलं. शाळेत मी प्रमाण मराठी बोलतो, मैदानात ते सुटतं. तिला विचारलं की काल दोर सोडून पाण्यात कित्याक धावत गेलंस. ती म्हणाली, माझां थंय संपला म्हणान, फुडे हात व्हयो. मग मी तिला मळ्याचं दुसरं टोक दाखवलं, ती नेहमी कमरेवर हात ठेवून उभी राहायची ते, आणि विचारलं की मगे तुझां थंय संपला काय तू खंय जातंस. ती काठीच्या टोकाने जमीन उकरत राहिली. खेळ सुरू झाला, बॉल तिच्याकडून सुटला, आणि ती वळली. संगीताच्याही मागे, आमच्या डीपर्यंत धावत आली. तिथून बॉल काढून पुन्हा पुढे गेली. संगीता तिच्याकडे बघतच राहिली.

ह्यात मी काय शिकवलं, असं आता वाटतं. तिला येत होतं ते फक्त दाखवून दिलं. पण तेव्हा मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, मी घडवतोय. महिन्याभरात वैजू डावीकडचा बॉल अंग न फिरवता घेऊ लागली. पुढच्या मुलीच्या पायांकडे बघून तिचा बेत ओळखू लागली. संगीताने मारलेला बॉल कुठे पडणार हे तिला आधी कळायचं आणि तिने दिलेला बॉल घेणारीच्या काठीला आपसूक चिकटायचा. संघातली सगळ्यात भित्री मुलगीसुद्धा गोल मारू लागली, कारण बॉल तिच्यापुढे असा येऊन थांबायचा की ढकलला तरी पुरे. एका सामन्यात आम्ही चार गोलांनी जिंकलो. त्यात वैजूचा एकही नव्हता. बांधावरची माणसं उठून जाताना म्हणाली की आज वैजूचो दिस नाय. मी त्यांना मनात हसलो. ती तेव्हापर्यंतची सगळ्यात चांगली खेळली होती, आणि ते ओळखणारा त्या मळ्यात मी एकटा होतो. मला तो एकटेपणा फार आवडला.

जिल्हा आम्ही जिंकला. मग घाटावरच्या शहरातून पत्र आलं की निवड चाचणीला दोन मुली पाठवा. एक मोठं क्रीडा वसतिगृह होतं. तिथे निवड झाली की राहणं, जेवण, बारावीपर्यंत शाळा आणि रोज हॉकी. संगीताच्या घरचे तिला सोडायला तयार नव्हते, तेव्हा एकट्या वैजूचं नाव कळवलं. मी दाजींकडे गेलो. वैजूच्या आईची कंबर त्या पावसाळ्यापासून धरली होती. टोपली डोक्यावर घेऊन उभं राहता येत नव्हतं. घरात दुसरं कुणी नाही. दाजींनी सरळ सांगितलं की निवडली तर जाऊदे, मी कसंही निभावेन. नाही निवडली तर उगाच पुढे शाळा नको, मे महिन्यानंतर तिने बाजारात बसायचं. ह्यात कठोरपणा नव्हता. घर तसं होतं.

वैजूने स्वतःच्या तोंडाने एकदाच मला सांगितलं. शनिवार होता, ती डी सारवत होती. दोन्ही हात शेणात. मान वर न करता म्हणाली, "सर, माका जावचां आसा." मी म्हणालो, जातलंस. इतकं सहज म्हणालो.

चाचणीच्या दिवशी सकाळी मैदानाबाहेरच्या टपरीवर चहा घेत होतो. शेजारी दुसऱ्या जिल्ह्यातले एक वयस्कर शिक्षक, वीस वर्षं ह्या चाचण्यांना येणारे. बोलता बोलता मी वैजूचं वर्णन केलं, जरा जास्तच केलं असेन. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, अहो, हे लोक दोन तासांत सत्तर मुली बघतात. फॉरवर्डच्या नावापुढे गोल लिहितात, दुसरं काही लिहीत नाहीत. तुमच्या मुलीला सांगून ठेवा, डीत शिरली की मारायचा, इकडे तिकडे बघायचं नाही. मी मान हलवली. त्यांच्या चहाचे पैसे मीच दिले.

आत आलो तर वैजू कृत्रिम गवतावर हात फिरवून बघत होती. तिने असं मैदान कधी पाहिलं नव्हतं. बुटाची नाडी बांधता बांधता तिने विचारलं, आणि अगदी हेच विचारलं, "सर, हंय गोल मारूचो काय पास देवचो?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते टपरीवरून नुकतंच माझ्या खिशात आलं होतं. मी म्हणालो, "शिकलंस तसां खेळ."

का म्हणालो ते लपवण्यात आता अर्थ नाही. जेटीवरचं ते हसू अजून लागत होतं, आणि मला निवडीपेक्षा एक प्रश्न हवा होता. कुणीतरी जाणकार माणसाने चष्मा कपाळावर चढवून विचारायला हवं होतं, ह्या मुलीला शिकवलं कुणी? त्याचं उत्तरही माझ्याकडे तयार होतं. मी काय, निमित्तमात्र, असं खाली बघून म्हणायचं होतं. एसटीत घाट चढताना मी ते दोन-तीन वेळा मनात म्हणून बघितलं होतं. वैजूने डीत शिरून आंधळेपणाने चार गोल मारले असते तर ते तिचे झाले असते. ती पूर्ण खेळली तर माझं काहीतरी दिसलं असतं. मळ्यात शेण सारवून हॉकी शिकवणारा माणूस तेवढ्यासाठी गप्प बसला.

ती सुंदर खेळली. अनोळखी मुलींचा संघ, कुणाला कुणाचं नाव ठाऊक नाही, सगळ्या आपापला बॉल घेऊन पळत होत्या आणि सात नंबरची वैजू त्या सगळ्यांना बांधून घेत होती. मागे जाऊन बॉल आणत होती. एक गोल तिने मारला, साधाच. शेवटची पाचेक मिनिटं राहिली असताना उजव्या बाजूने दोघींना चुकवून ती डीत शिरली. समोर फक्त गोलरक्षक, तीही आडवी झालेली. मी उभा राहिलो. अख्खा गोल मोकळा होता. वैजूने मान किंचित वळवली आणि बॉल डावीकडे दिला. तिथे तिच्याच संघातली एक मुलगी होती, घाटावरची, उंच, सकाळपासून कुणी बॉल न दिलेली. तिने मारला. शिट्टी वाजली, मुली तिच्याभोवती नाचल्या, आणि वैजूही नाचली.

यादी वाचली तेव्हा त्या उंच मुलीचं नाव होतं, वैजूचं नव्हतं. मी धीर करून एका निवड करणाऱ्या गृहस्थांना गाठलं. ते चांगले होते, तुसडे नव्हते. म्हणाले, तुमची सात नंबर ना, चांगली आहे हो, सगळीकडे असते. पण मधल्या फळीतल्या जागा आमच्या भरलेल्या आहेत, आम्हाला गोल मारणारी हवी होती. मला त्यांनी दुसरं काही विचारलं नाही.

परतीची एसटी वैभववाडीच्या स्टँडवर थांबली, माझ्या स्वतःच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. डिसेंबरची थंडी होती, घाटाखाली ती जास्त वाजते. मी दोन वडे आणले. वैजूने एक अर्धा खाल्ला आणि कागदात गुंडाळून ठेवला. मग तिने विचारलं की तिचं काय चुकलं. मी म्हणालो, काही चुकलं नाही, बरी खेळलीस, नशीब एकेकाचं. तिने त्यावर विचार केला असावा, कारण तळेरे गाव मागे पडल्यावर ती आपणहून बोलली. "तो येक गोल मियां मारलंय असतंय. पण त्या उंच चेडवाचो सकाळपासून बॉलाक हातच लागूक नाय. इतक्या धावला तां. तेका वाटो नको?"

 एवढ्या सत्तर मुलींत हे सुचणारी तीच एक होती. आणि ते मी माझं काहीतरी दिसावं म्हणून वापरलं होतं.

मे महिन्यानंतर वैजू बाजारात बसली. मी दोन हंगाम आणखी संघ चालवला. पण सरावात एखादी मुलगी एकटीच बॉल घेऊन निघाली की पास दे म्हणून ओरडायला तोंड उघडायचो आणि आवाज निघायचा नाही. मुलींना वाटायचं, सर दमलेत. हळूहळू मैदान चोपायला कुणी येईना, मीही बोलावलं नाही. स्टिका वाळवीने खाल्ल्या. आता मळ्याच्या रस्त्याकडच्या अंगाला पर्यटकांसाठी खोल्या उठल्यात आणि उरलेल्या तुकड्यात भात निघालं की मुलगे क्रिकेट खेळतात. ती उंच मुलगी पुढे राज्याकडून खेळली. पेपरात फोटो आला होता. मी तो पेपर शिक्षक खोलीतून घरी आणला आणि वैजूपर्यंत जाऊ नये म्हणून दडवला, जसा काही गावात तेवढा एकच पेपर येत होता.

वैजूचं लग्न पलीकडच्या वाडीत झालं. बाजारात तिची जागा ठरलेली आहे, गिऱ्हाईक बांधलेलं आहे, भाव करताना तिच्यापुढे भल्याभल्यांचं चालत नाही. तिचं वाईट झालं असं म्हणायचा मला अधिकार नाही आणि ती ते म्हणूही देणार नाही. मी सात वर्षं तिच्याकडूनच मासे घेतो. ती मला चांगला बांगडा वेगळा काढून ठेवते, सरांचो म्हणून. दर वेळी मी तो घेऊन घरी येतो आणि दर वेळी तो मला नीट जेवू देत नाही.

आज शाळा सुटल्यावर गेलो. मळा बघितल्यापासून दिवसभर डोक्यात तेच होतं. बाजार उतरत आला होता, ती पाट धुवत होती. मी मासे न मागता उभा राहिलो आणि सांगून टाकलं. टपरीवरचा चहा, ते शिक्षक, ते काय म्हणाले, आणि तिने विचारलं तेव्हा मी का गप्प बसलो, तेही. ती पाटावर पाणी ओतत राहिली. झाल्यावर तिने एवढंच विचारलं की तुमका सकाळीच ठावक होतां. मी हो म्हणालो.

तिला राग येईल असं मला वाटलं होतं, किंवा जांवदे म्हणेल असं. खरं सांगायचं तर जांवदे म्हणेल ह्याच आशेवर मी गेलो होतो. तिने तांब्या खाली ठेवला.

"मगे माका सांगूक व्हयां होतां, सर," ती म्हणाली. "बहुतेक मियां पासच दिलंय असतंय. पण तां मियां ठरयलंय असतंय."

माझ्या मागे एक गिऱ्हाईक येऊन थांबलं होतं. वैजू त्याला उरलेले बांगडे दाखवू लागली आणि मी बाजूला झालो.